पुस्तकं नव्हे, साक्षीदार मोज

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे खुनी की हुतात्मा? सहा पुस्तकं एक म्हणतात, चार दुसरं, सर, मी कुणाचं धरू? कुणाचंच धरू नकोस. पुस्तकं मोजणं सोड, साक्षीदार मोज.

२९ मे १८५८ च्या रात्री सुरेबानला इंग्रजांचा पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानांवर नेमलेला अधिकारी, मॅन्सन मारला गेला, त्याचं शिर नरगुंदला नेलं. २ जूनला भास्करराव सापडले, १२ जूनला बेळगावात फाशी. इथवर कुणाचं भांडण नाही. हुकूम कुणाचा, बेत आधीचा की त्या रात्रीचा, खून म्हणायचा की लढाई, भांडण आहे ते इथे.

आता तुझी सहा पुस्तकं. धारवाडचं गॅझेटियर १८८४ चं. त्यातला हा भाग ले ग्रँड जेकब या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७१ च्या पुस्तकावर उभा आहे, तळटिपा बघ. पुढच्यांनी बहुतेक या दोघांवरूनच उतरवून घेतलं. मग साक्षीदार किती झाले? एक. तोही मॅन्सनचा वरिष्ठ, आणि त्या रात्री सुरेबानला नसलेला. म्हणून जेकब खोटा ठरत नाही. सरकारने दत्तक नाकारल्याचा भास्कररावांना राग होता, मॅन्सन इनाम कमिशनात, म्हणजे इनामांचे हक्क तपासणाऱ्या सरकारी खात्यात, काम केलेला म्हणून लोकांच्या डोळ्यांवर आलेला होता, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. आरोपीच्या बाजूची गोष्ट विरुद्ध पक्षाच्या तोंडून आली की तिचं वजन वाढतं. अशा ओळी वेगळ्या काढ.

आपल्याकडची चार पुस्तकंही याच चाळणीतून घाल. १९५७ च्या शताब्दीत छापलेलं वाचून आजोबांनी सांगितलेली हकीकत ही १८५८ ची आठवण नव्हे. आणि ‘लावणी हा जनतेचा आवाज’ एवढं लिहून तू मोकळी झालीस, त्याचा मला राग आला. कित्तूरच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची कन्नड लावणी छापून ठेवली ती फ्लीटने, मुंबई सरकारच्या अधिकाऱ्याने. कुणी गायली, कुणी टिपून घेतली, काय गाळलं, हे लावणीलाही विचारायचं असतं. साक्षीदार मोज म्हणतो ते यासाठी.

खुनापासून फाशीपर्यंत चौदा दिवस. खास आयुक्तांना फाशीपर्यंतचे अधिकार देणारे, अपील नसलेले कायदे सरकारने १८५७ मध्येच करून ठेवले होते. एवढ्या घाईच्या निकालाला मी पुरावा मानत नाही. पण निकाल घाईचा म्हणून आरोपी निर्दोष, हेही मी लिहिणार नाही. एका स्मरणिकेसाठी नेमकं हेच लिहिलं होतं. एक वाक्य बदला म्हणाले. बदललं नाही, लेख परत आला, पुढे बोलावणीही थांबली. आज विचारलं तरी बदलणार नाही. सीमाभागात आपलं सगळं भांडण कागदांवर चालतं. शाळा, पाट्या, परिपत्रकं, जनगणना, प्रत्येक ठिकाणी आपण दुसऱ्याकडे पुरावा मागतो. मग आपला माणूस आला की पुरावा सैल करायचा? मला ते जमलं नाही, आणि जमलं नाही याचं वाईटही वाटत नाही.

सल एकच आहे. रामदुर्ग-नरगुंदकडे गाणारी म्हातारी माणसं होती तेव्हा माझं कन्नड बाजारापुरतं होतं. तू खानापुरात वाढलीस, तुला कन्नड वाचता येतं. ते वापर.

मुंबईच्या पुराभिलेखागारात जा. मे-जून १८५८ चा पोलिटिकल आणि ज्युडिशियल खात्यांचा पत्रव्यवहार माग. प्रत्येक पत्राशेजारी लिही, लिहिणारा त्या दिवशी कुठे होता, त्याने पाहिलं की ऐकलं. मॅन्सनला सावध करणाऱ्या रामदुर्गकरांचं काही सापडलं तर त्यांनाही सोडू नकोस. ते भास्कररावांचे सावत्र भाऊ, आणि भावापासून अलग राहिले म्हणूनच त्यांचं संस्थान वाचलं.

तिसरं प्रकरण त्यानंतर पाठव. आधी पाठवलंस तर वाचणार नाही.

तुझे,
सर