टाक्यांवरचा पिवळा थर आणि दुसऱ्या आठवड्यातली भीती

ऑपरेशन होऊन आठवडा उलटला तरी सूज आहे, टाक्यांपाशी पिवळे काहीतरी दिसते आणि रात्री कळ येऊन झोप मोडते, तर काही बिघडले आहे का? प्रौढ वयात सुंता करून घेतलेले बहुतेक पुरुष समुपदेशनाला येतात ते हाच प्रश्न घेऊन, आणि तो विचारण्याआधी दार नीट लागले आहे ना, याची खात्री करून घेतात.

मालवणच्या किनाऱ्यावरील एका गावातले तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, असेच आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची पुढची त्वचा मागे सरकत नव्हती, तिला वारंवार चिरा पडत आणि बुरशीचा संसर्ग औषधाने बरा होऊन पुन्हा उलटत असे. तपासणीत मधुमेह निघाला. तिशी-चाळिशीत हा त्रास नव्याने सुरू झाला तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे, कारण अनेकांचा मधुमेह याच तक्रारीतून पहिल्यांदा उघडकीला येतो. साखर आटोक्यात आल्यावर शल्यचिकित्सकांनी तेवढा भाग बधिर करून शस्त्रक्रिया केली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात विश्रांती मिळेल म्हणून तांडेलांनीच जुलै महिना निवडला होता.

दुसऱ्या आठवड्यात ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मोबाईलमधला फोटो पुढे करून त्यांनी हळू आवाजात विचारले, “सर, आत पू झालो हा काय?” फोटोवरून निदान करणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, म्हणून मी त्यांना त्याच सकाळी शल्यचिकित्सकांकडे नेले. जखम उत्तम भरत होती. भरणाऱ्या जखमेवर आणि टाक्यांवर पिवळसर, चिकट पातळ थर धरतो; त्याला दुर्गंधी नसते, आणि तो खरवडून काढला तर जखम पुन्हा ओली होते. खालच्या बाजूला कड्यासारखी दिसणारी सूजही काही आठवडे रेंगाळते. विरघळणारे टाके साधारण दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळतात. ते ओढून काढायचे नसतात.

खरी काळजीची गोष्ट वेगळीच होती आणि ती बोलता बोलता बाहेर आली. लघवीला जळजळते म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडले होते, त्यामुळे लघवी दाट होऊन जळजळ अधिकच वाढत होती. माशाने जखम चिघळते असे कुणीतरी सांगितल्यामुळे ते दोन्ही वेळ पेज आणि लोणच्यावर राहत होते. मासे काढणाऱ्याच्या घरात, जखम भरायला प्रथिने हवी असताना आणि मधुमेह असताना, दिवसभर नुसता भात पोटात जात होता. शिवाय पावसात कपडे वाळत नसल्याने ते दमट अंतर्वस्त्र घालत होते. मासे खा, पाणी प्या, अंतर्वस्त्र सुती घाला आणि इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करूनच घाला, असे मी त्यांना सांगितले. अंघोळीनंतर न चोळता टिपून कोरडे करणे आणि शिश्न पोटाच्या दिशेने वर राहील असे ठेवणे, यानेही सूज उतरायला मदत होते. हळद किंवा घरगुती तेल जखमेवर लावू नये. डॉक्टरांनी दिलेले मलम पुरेसे असते.

रात्रीच्या कळांविषयी मात्र ते फार अडखळत बोलले. झोपेत ताठरता येते, टाके ताणतात आणि जाग येते. यात नस तुटली तर संसार संपला, अशी त्यांची धास्ती होती. निरोगी पुरुषाला झोपेत अनेकदा ताठरता येतेच. ती घडवणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या शिश्नाच्या आत असतात, काढलेल्या त्वचेत नसतात. म्हणजे ज्या गोष्टीची त्यांना भीती वाटत होती, तीच सर्व शाबूत असल्याची खूण होती. हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. झोपण्यापूर्वी लघवी करावी, कुशीवर गुडघे दुमडून झोपावे, कळ आली तर उठून चार पावले चालावे, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. उघड्या पडलेल्या भागाला कापडाचा स्पर्शही बोचतो, पण ती संवेदनशीलता काही आठवड्यांत कमी होते.

रक्त दाबून धरूनही थांबत नसेल, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पसरत जाणारी लाली किंवा रोज वाढणारी वेदना असेल, लघवी अडली असेल किंवा टोक काळे-निळे पडत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लाज ही उशिराचे सर्वांत मोठे कारण आहे, हे मी कक्षात रोज पाहतो.

१ ऑगस्टला होडी लोटायची त्यांची घाई होती. जाळी ओढण्याचे जड काम आणि समुद्राचे पाणी जखम पूर्ण मिटेपर्यंत टाळायचे होते, म्हणून पहिल्या फेऱ्यांना भावाने जावे असे ठरले. पुढच्या भेटीला पत्नीही आल्या. सहा आठवडे शरीरसंबंध आणि हस्तमैथुन दोन्ही टाळायचे, कारण कोवळी जखम उसवू शकते आणि तिच्यातून एचआयव्हीसारखा संसर्गही सहज शिरतो, हे मी दोघांसमोर समजावून सांगितले. आतापर्यंत नवरा दूर का झोपतो, हे न कळल्याने त्या मनातल्या मनात झुरत होत्या. त्यांनी माझ्याकडून साखरेच्या पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतली आणि तो कागद स्वतःच्या पिशवीत ठेवला.