घर तेच, मग मतदारसंघ कसा बदलला?

प्रश्न : आम्ही 1998 पासून कोपरखैरण्यात राहतो. आधी आमचं मतदान बेलापूर मतदारसंघात असायचं, मग एका वर्षी चिठ्ठीवर ऐरोली आलं. घर तेच, पत्ता तोच. मुलगी लग्न होऊन वाशीला गेली, तिकडे म्हणे अजून बेलापूरच आहे. हे कोण ठरवतं आणि आम्हाला कुणी विचारलं कसं नाही?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : काका, तुमच्यासारखाच प्रश्न मलाही 2009 ला पडला होता. शाळेतल्या बूथवर चिठ्ठी हातात घेऊन उभा होतो आणि पुढच्या आजी प्रत्येकाला विचारत होत्या, "अहो हे ऐरोली काय लिहिलंय, आपण तर बेलापूरवाले ना?" कुणालाच नीट सांगता येईना, तेव्हा घरी येऊन शोधायला बसलो.

तर झालं असं की पूर्वी सगळ्या नवी मुंबईला एकच आमदार होता, बेलापूरचा. 1990 आणि 1995 ला गणेश नाईक शिवसेनेकडून, 2004 ला तेच राष्ट्रवादीकडून. तोवर सिडकोचे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे, नोड (वसाहती) भरत गेले, खाडीपलीकडून माणसं येत राहिली, आणि मतदारसंघांच्या रेषा मात्र 1970 च्या दशकातल्याच राहिल्या. मग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या मतदारसंघ पुनर्रचना आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून नव्याने आखणी केली, ती 2008 ला लागू झाली. विधानसभेच्या एकूण जागा 288 च राहिल्या, पण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या 13 वरून एकदम 24 झाल्या (पालघर तेव्हा ठाण्यातच होतं), आणि मुंबई शहर जिल्ह्याच्या 17 च्या 10 राहिल्या, म्हणजे माणूस जिथे राहायला गेला तिथे आमदारही गेला. ठाणे शहराचे तुकडे झाले, कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा, मुंब्रा-कळवा ही नावं तेव्हाचीच. एकनाथ शिंदे 2004 ला ठाण्यातून निवडून आले, 2009 पासून कोपरी-पाचपाखाडीतून. आपल्याकडे दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे हा पट्टा ऐरोलीत गेला आणि वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूरमध्ये राहिलं. खारघर, कामोठे तर जिल्हाच वेगळा, रायगड, ते पनवेल मतदारसंघात येतं. आणि मुंब्रा-कळवा महापालिकेला ठाण्याचं असून लोकसभेला कल्याणमध्ये मोडतं, ही गंमत नाही, तिथल्या माणसाला खासदार कोण हे खरंच शोधावं लागतं.

आता विचारलं का नाही, तर काका, विचारलं होतं. कायद्यानेच आयोगाला आधी मसुदा छापावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाला मदतीला असतात पण त्यांना मत नसतं. आणि एकदा अंतिम आदेश निघाला की तो आखणीचा निर्णय कोर्टात नेता येत नाही. म्हणून जे काय बोलायचं ते हरकतीच्या त्या थोड्या दिवसांतच. आमच्या सोसायटीत तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. 2026 नंतरची पहिली जनगणना झाली की परत आखणी होऊ शकते, तेव्हा पेपरातली ती बारीक अक्षरातली नोटीस सोसायटीच्या फळ्यावर लावा, सेक्टरची नावं बघून लावा.

मुलीचं सांगतो. लग्नानंतर तिचं नाव तुमच्याच यादीत राहिलं असेल तर फॉर्म नंबर 8 भरून वाशीच्या पत्त्यावर करून घ्यायला सांगा, ऑनलाइन होतं. 2024 ला बेलापूरचा निकाल किती मतांनी लागला माहितीये? मंदा म्हात्रे संदीप नाईकांपेक्षा फक्त 377 मतांनी पुढे होत्या. तीन-चार बिल्डिंगमधली माणसं होतात तेवढी.