दोघांच्याही हातात सुप्रीम कोर्टाचाच निकाल, मग मानायचा कुठला?

प्रश्न : माझं माहेर गिरणाऱ्याचं, वडील २००३ ला वारले. वडिलोपार्जित द्राक्षबागेत हिस्सा मिळावा म्हणून मी नाशिक कोर्टात वाटपाचा दावा लावलाय. मागच्या तारखेला भावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला, की वडील २००५ च्या आधी गेले असतील तर मुलीला हक्क नाही. आमचे वकील म्हणतात त्याच कोर्टाचा उलटा निकाल आहे. जजसाहेब कुठला धरतील? आणि त्यांना स्वतःलाच तो पटला नाही तर?

उत्तर : ताई, घाबरू नका, तुमचे वकील बरोबर सांगतायत. भावाच्या वकिलांनी दाखवलेला निकाल खराच आहे, पण आता तो चालत नाही. हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला तो ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि त्या दिवशी वडील हयात हवेत का, यावरच हा सगळा वाद. भावाकडचा निकाल फुलवती केसचा, १६ ऑक्टोबर २०१५ चा, दोन जजांच्या बेंचचा. मग २०१८ मध्ये दोनच जजांच्या दुसऱ्या बेंचने दानम्मा केसमध्ये वडील २००१ ला गेलेले असूनही मुलींना हिस्सा दिला, आणि झालं, जो तो आपल्या सोयीचा निकाल घेऊन कोर्टात उभा राहायला लागला, बिचाऱ्या खालच्या कोर्टांनी करायचं काय. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला तीन जजांच्या बेंचने विनीता शर्मा केसमध्ये सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही. फुलवती तिथेच रद्द ठरला.

म्हणून निकाल हातात आला की आधी पहिलं पान बघायचं, जजांची नावं मोजायची. मोठ्या बेंचचं म्हणणं छोट्या बेंचला मानावंच लागतं. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ झेरॉक्स काढून पिवळ्या मार्करने रंगवलेले निकाल घेऊन लोक येतात, पण त्यावर तारीख काय नि बेंच किती जणांचं हे बघितलेलंच नसतं, फार वाईट वाटतं.

आता पटण्या न पटण्याचं. घटनेच्या कलम १४१ प्रमाणे सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे, जजसाहेबांना मनातून पटो न पटो. सुप्रीम कोर्टाचा निकालच नसेल तर मुंबई हायकोर्टाचा आपल्याकडे बंधनकारक, बाहेरच्या राज्यातल्या हायकोर्टाचा नुसता विचारात घ्यायचा. बंधनकारक म्हणजे तरी काय, तर निकाल ज्या कारणावर उभा आहे ते कारण, बोलता बोलता आलेलं प्रत्येक वाक्य नाही. आणि "त्या केसमधली हकीकत वेगळी होती" असं दाखवून निकाल बाजूला ठेवायला वाव असतो, समोरचे वकील तिथेच जोर लावतील बघा.

तुमच्या केसमध्ये तो जोर कुठे लागेल तर वाटणीवर. त्या दुरुस्तीतच तारीख घातली आहे, २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. भाऊ म्हणाला की तोंडी वाटणी झाली होती, तर विनीता शर्माच्या निकालात म्हटलंय की असं नुसतं म्हणणं सहसा मानायचं नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच. तेव्हा पुढच्या तारखेआधी तलाठ्याकडून जुने फेरफार आणि २००४ च्या आधीचे सातबारा काढा, आणि विनीता शर्माचा अख्खा निकाल, पहिल्या पानासकट, वकिलांना दाखल करायला सांगा.