‘आईच्या जळजळीपासून’ की ‘दाहापासून’?

विचारणा अशी: फोंड्यातल्या एका आरोग्यपत्रकासाठी ‘आईच्या जळजळीपासून भ्रूणाच्या मेंदूचे औषधी वनस्पती रक्षण करतात’ हे वाक्य तयार झाले आहे. ‘इन्फ्लमेशन’साठी इथे जळजळ चालेल का?

चालणार नाही. गरोदर बाईला जळजळ म्हटले की छातीतली, आम्लपित्ताची आठवते आणि शेवटच्या महिन्यांत ती कितीतरी जणींना असते. वाचणारी उगाच घाबरेल. ‘सूज’ही नको. पाय सुजणे नेहमीचे, पण चेहरा-हात एकाएकी सुजले तर रक्तदाब लगेच तपासावा लागतो. तो विषय निराळा. ‘शोथ’ नेमका आहे (‘संधिशोथ’ त्यातलाच), पण पत्रकात तो कोण वाचणार? ‘दाह’ घ्यावा आणि पहिल्याच वेळी फोड करावी: जंतुसंसर्ग किंवा इजा झाल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा देते तो प्रतिसाद. नाहीतर दाह म्हणजे अंगाची आग, असाच अर्थ लागतो.

इथे तर डोळ्यांना दिसेल असे काही नसतेच. आईला फ्लूसारखा संसर्ग झाला की रक्तात इंटरल्यूकिन-६सारखी संदेशक प्रथिने वाढतात. त्यांचा परिणाम वारेवर (प्लॅसेंटावर) होतो आणि गर्भाच्या मेंदूतल्या प्रतिकारपेशीही चाळवतात. गाभण उंदरांना विषाणूचा भास निर्माण करणारे ‘पॉली आय:सी’ टोचून हे अभ्यासतात. जंतू नसतो, दाह मात्र होतो. म्हणून ‘संसर्गापासून रक्षण’ हा बदलही चुकीचा ठरेल.

आता ‘भ्रूण’. गर्भधारणेपासून साधारण ८ आठवडे भ्रूण, पुढे जन्मापर्यंत गर्भ, जन्मल्यावर अर्भक. पत्रकाचा विषय पूर्ण गरोदरपणाचा असल्याने ‘गर्भाचा मेंदू’ लिहावे. (कोकणीतली ‘गुरवार’, म्हणजे गरोदर, बाई मराठी वाक्यात आणू नये, वाचणारा वार शोधत बसेल.)

खरी गडबड ‘औषधी वनस्पती’त आहे. प्रयोगांत वापरतात ती वेगळी काढलेली संयुगे: ल्युटिओलिन, ब्रोकोलीच्या कोंबांपासून मिळणारे सल्फोराफेन, हळदीतले कर्क्युमिन. हळदपुडीत कर्क्युमिन वजनाच्या सुमारे ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात ९० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातल्या पायपरिनने ते वाढते, पण पायपरिन काही औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवते. पातोळ्यांना गुंडाळतात ते हळदीचे पान सुगंधापुरते. कर्क्युमिन असते कंदात. तेव्हा ‘वनस्पतींतील काही संयुगे’ असेच लिहावे. ‘घटक’ ढोबळ, ‘अर्क’ तर भलताच: अर्कात अनेक संयुगे एकत्र असतात.

क्रियापदही सौम्य करावे. उंदरांत दिसले ते ‘रक्षण करतात’ या वर्तमानकाळात घातले की तो सल्ला होतो, आणि कोणीतरी गावठी औषधवाल्याकडे जाऊन कॅप्सूल किंवा काढा सुरू करते. शेवटच्या तिमाहीत पॉलिफेनॉल (कर्क्युमिन, ल्युटिओलिन ज्यात मोडतात तो संयुगांचा गट) फार झाले तर गर्भाच्या हृदयाजवळची, जन्मापर्यंत उघडी राहायला हवी अशी रक्तवाहिनी आकसू शकते, असे निरीक्षण आहे. जेवणातल्या हळदीची भीती नाही. एकवटलेल्या मात्रेची आहे.

वाक्य असे करावे: ‘गरोदरपणात आईच्या शरीरात झालेल्या दाहाचे गर्भाच्या मेंदूवरील परिणाम वनस्पतींतील काही संयुगांमुळे कमी झाल्याचे उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे.’ खाली एक ओळ जोडावी: ताप आल्यास काढ्यावर न थांबता डॉक्टरांना दाखवा.