पहिल्या ट्रायथलॉनला काय घालायचं?
स्प्रिंट ही छोटी ट्रायथलॉन, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. तिन्हींसाठी एकच ट्रायसूट (ट्रायथलॉनचा अंगाला चिकटणारा पोशाख) घे, मध्येच कपडे बदलायच्या फंदात पडू नकोस. सायकलिंग शॉर्ट्सचं जाड पॅड पाणी धरून ठेवतं आणि धावताना मांड्या सोलून काढतं. ट्रायसूटचं पातळ असतं, लवकर वाळतं. सूट अंगासरशी घट्टच हवा, सैल असला की पोहताना पाणी भरतं. काखेत, मानेशी, मांड्यांच्या आत व्हॅसलिन चोळ.

मोजे मात्र घालच. ओल्या पायांवर चढवायला वेळ जातो, जाऊ दे. फोड आले तर धावणं अवघड होईल. आधीच अर्धे गुंडाळून बुटात ठेव. शर्यतीचा नंबर कमरेच्या बेल्टला लाव, पुढे-मागे सरकवता येतो. आणि त्या सुटात शर्यतीआधी एकदा तरी पोहून लगेच सायकल चालवून बघ.