वाचकांचे प्रश्न : छळछावणीतले रंगीत त्रिकोण

प्रश्न : आमच्या शाळेत नववीला नाझीवादाचा धडा आहे. छळछावणीत कैद्यांच्या कपड्यांवर, कैदेच्या कारणानुसार, जे रंगीत त्रिकोण असत त्यांचा तक्ता मुलं करताहेत. रोमा (ज्यांना पूर्वी ‘जिप्सी’ म्हणत) लोकांचा रंग एका पुस्तकात तपकिरी दिलाय, दुसऱ्यात काळा. कोणता धरायचा? – एक शिक्षिका, कोथरूड, पुणे

उत्तर : दोन्ही दाखवा. छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी संघटनेने या खुणा १९३७-३८च्या सुमारास रूढ केल्या, पण सगळ्या छावण्यांत त्या सारख्या नव्हत्या. काही ठिकाणी रोमांना तपकिरी त्रिकोण होता. नाझीव्याप्त पोलंडमधल्या आउशवित्झ-बिर्केनाऊ छावणीत मात्र त्यांना काळा, म्हणजे ‘असामाजिक’ या सदरातला त्रिकोण लावला. तिथे १९४३ पासून सुमारे २३ हजार रोमा आणि सिंती (त्यांचीच जर्मन भागातली शाखा) कुटुंबकबिल्यासह डांबले होते. हातावर ‘झेड’ अक्षर आणि क्रमांक गोंदला जाई. तान्ह्या बाळांचा हात पुरत नसे म्हणून मांडीवर. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री उरलेल्या चार हजारांहून अधिक जणांना विषारी वायूने मारलं. त्यामुळे फक्त तपकिरी त्रिकोण मोजून रोमांचा हिशेब कधीच लागणार नाही.

चित्र काढताना त्रिकोणाचं टोक खाली ठेवा. जागा डाव्या छातीवर, जवळच कैदी क्रमांक. विजारीवरही तीच खूण असे. परदेशी कैद्याच्या त्रिकोणात देशाचं आद्याक्षर येई, पोलिश माणसाला ‘पी’. ज्यू राजकीय कैद्याला लाल त्रिकोणाखाली टोक वर केलेला पिवळा त्रिकोण. दोन्ही मिळून तारा.

मुलांची खरी चूक होते ती पुढे. ‘हिरवा म्हणजे गुन्हेगार, काळा म्हणजे कामचुकार’ असं लिहिलं की एसएसचाच शेरा आपण फळ्यावर उतरवतो. हिरव्या त्रिकोणातले कितीतरी जण आपली शिक्षा आधीच भोगून सुटलेले होते. पुढे गुन्हा करतील या संशयावर पोलिसांनी त्यांना उचललं. काळ्यात भिकारी, बेघर, वेश्या, बेकार, दारूडे असे सगळे एकत्र कोंबले. जून १९३८च्या धरपकडीत अशा दहा हजारांवर माणसांना खटल्याविना छावणीत नेलं. जर्मन संसदेने या दोन्ही गटांना नाझींचे बळी मानलं ते थेट २०२० मध्ये! म्हणून तक्त्यात दोन रकाने हवेतच : ‘एसएसने मारलेला शिक्का’ आणि ‘माणूस प्रत्यक्षात कोण’.

जांभळ्याला थोडी जास्त जागा द्या. हे यहोवाचे साक्षीदार, एका ख्रिस्ती पंथाचे लोक. हिटलरला सलामी नाही, सैन्यात भरती नाही, यावर ते ठाम. त्यांच्यापुढे छापील कागद ठेवला जाई : धर्म सोडला असं लिहून सही करा, सुटाल. बहुतेकांनी सही केली नाही.

प्रश्न : गुलाबी त्रिकोणवाले १९४५ मध्ये सुटले ना? – एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : गुलाबी त्रिकोण समलैंगिक पुरुषांचा. ते छावणीतून सुटले, कायद्यातून नाही. समलैंगिक पुरुषांविरुद्धचं कलम १७५ नाझींनी १९३५ मध्ये कडक केलं आणि पश्चिम जर्मनीने ते तसंच १९६९ पर्यंत चालवलं. काहींना तर उरलेली शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात जावं लागलं. नाझी काळातल्या त्या शिक्षा संसदेने रद्द केल्या २००२ मध्ये. या रंगापुढे ‘१९४५ : मुक्तता’ असं लिहू नका.