ताग-धैंचा पेरला तर कार्बन क्रेडिटचे पैसे खरंच मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की बेळगावजवळ तुमचं चार एकर रान आहे, अडीच एकर भात आणि दीड एकर ऊस. एका कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की जमीन उघडी ठेवू नका, मधल्या काळात ताग किंवा धैंचा पेरून हिरवाच मातीत गाडा, कार्बन क्रेडिटचे पैसे थेट खात्यावर येतील. सही करावी का, असं तुम्ही विचारलंय.

ताग पेरा, सही सावकाश करा. आणि निव्वळ त्या पैशाकडं बघून पेरणार असाल तर पेरूच नका.

माझं रान खानापूर रस्त्याच्या बाजूला, तीन एकर. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातही अशीच गाडी आली होती. बोलणारा पोरगा कन्नड, मराठी मोडकी पण गोड. देवळात बैठक, चहा, सही करणाऱ्याला एक टोपी आणि फोनमध्ये ॲप. शेजारच्या आप्पांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ते हवेचं राहू दे बा, एकराला किती मिळतंय ते सांग." पोरानं टनाचा भाव सांगितला, एकराचा काही सांगितला नाही. मी सही केली. ताग पेरला, उभ्या पिकाचे फोटो टाकले, गाडतानाचेही टाकले. माती न्यायला कोणी आलं नाही, पैसेही आजवर आले नाहीत. आप्पांनी सही केली नव्हती, ताग मात्र पेरला होता. त्यांचं माझ्यापेक्षा एका टोपीचंच काय ते नुकसान.

त्या पोराला दोष देत नाही. तो जे विकत होता त्याचा हिशेब आपण तिथंच मांडायला हवा होता, तो मी नंतर मांडला. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी केल्याची पावती, ती धूर सोडणाऱ्या कंपन्या विकत घेतात. ताग-धैंचासारख्या आच्छादन पिकांनी मातीत किती जिरतो? जगभरातल्या ३७ ठिकाणच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेक्टरी वर्षाला सरासरी ०.३२ टन कार्बन मातीत वाढलेला दिसला. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायचा तर ३.६७ नं गुणायचं, म्हणजे हेक्टरी १.१७ टन आणि एकरी अर्ध्या टनाहून थोडा कमीच. तेही प्रयोग बहुतेक थंड मुलखातले. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात आणि नंतरच्या दमट उबेत गाडलेला पाला भराभर कुजतो, त्यातला बराच कार्बन परत हवेत जातो.

आता टनाला १,००० रुपये धरू, हिशेबाला सोपा म्हणून. एकरी झाले ४७० रुपये. पुढं कोणी जमीन नांगरून टाकली, प्रकल्प फसला, तर म्हणून काही क्रेडिट राखीव ठेवावे लागतात. पाचवा हिस्सा त्यात गेला तर उरले ३७६. तपासणीचा खर्च आणि कंपनीचा वाटा मिळून निम्मे गेले, तर तुमच्या हातात एकरी १९० रुपयांच्या आसपास. तुमच्या चार एकरांना वर्षाचे साडेसातशे. मला गेल्या खेपेला बी आणि रोटरचे दोन फेरे मिळून एकरी साडेतीन हजार पडले होते. भाव तिप्पट झाला तरी हे गणित जुळत नाही.

बरं, वाढलेला कार्बन मोजायचा कसा? एका एकरात वरच्या एक फुटात दीड-पावणेदोन हजार टन माती असते. तिच्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बनच, ०.६० टक्के धरला तर वर्षभरात तो ०.६१ सुद्धा पुरता होत नाही. रानाच्या या मेरेपासून त्या मेरेपर्यंत चालत गेलं तर याहून जास्त फरक पडतो. म्हणून थोड्याच रानांची माती तपासतात आणि बाकीचं संगणकावर मांडतात. त्यात लबाडीच असते असं नाही, पण तुमच्या रानाची माती कोणी हातात घेतलीच नाही तरी तुमच्या नावावर टन जमा होऊ शकतात, किंवा होतही नाहीत.

युरियाची गोष्ट यात कोणी काढत नाही. तागाचा सगळ्यात रोकडा फायदा नत्राचा. चांगला वाढलेला ताग फुलोऱ्यावर येताना गाडला तर एकरी एक-दीड पोतं युरियाइतकं नत्र देऊन जातो. पण ४५ किलोचं पोतं सरकारी अनुदानामुळं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. एवढ्या पैशासाठी कोण दीड महिना रान अडकवून ठेवेल? एका हातानं युरिया स्वस्त करायचा आणि दुसऱ्या हातानं ताग लावा म्हणून कार्बनचे १९० रुपये दाखवायचे, हा प्रकार मला फार विनोदी वाटतो.

तुमच्या भाताच्या अडीच एकरात तर वेगळीच अडचण आहे. आपल्या भागात बरेच जण वळीव पडला की कुरीनं भात पेरून मोकळे होतात, मग धैंचा वाढवायला दीड-दोन महिने आणायचे कुठून? वळीव वेळेवर पडला, पाण्याची सोय असली आणि तुम्ही रोप लावण करत असाल तरच जमतं. भात निघाल्यावर म्हणावं, तर येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात पिढ्यान् पिढ्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा होतोच. त्या कारणानं ते शिवार हिवाळ्यात हिरवंच असतं, आणि नेमकं हेच कार्बनवाल्यांना चालत नाही. त्यांचा नियम असा की पैसे मिळणार म्हणून तुम्ही नवीन काही केलं पाहिजे. आजोबांपासून चालत आलेल्या मसुरीला शून्य. ज्यानं दरवर्षी रान उघडं टाकलं, पाचट जाळलं, त्याला मात्र सुधारायचे पैसे. आमचे आप्पा वीस वर्षं पाचट कुजवतायत, त्यांना मी हा नियम सांगितला तर म्हणाले, "म्हणजे आधी जाळायला पाहिजे होतं की."

चिखलणी करून लावलेल्या भातात अजून एक गोम आहे. धैंचा गाडून लगेच पाणी साठवलं की तो हवा न मिळता कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट तापवतो. म्हणजे मातीत जिरलं ते एका बाजूनं मोजायचं आणि चिखलातून मिथेनचे बुडबुडे येतात ते मोजायचंच नाही, असं असेल तर ते क्रेडिट कागदी. भातातली क्रेडिटं आधीच बदनाम आहेत. वेरा ही क्रेडिटांची नोंदणी करणारी मोठी संस्था, तिनं २०२४ साली चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प बाद केले. म्हणून भातात धैंचा लावायचाच नाही असं मी म्हणत नाही. जमिनीला तो चांगलाच. पण तो माणूस तुमच्या भाताच्या रानाचा हिशेब देताना मिथेनबद्दल चकार शब्द काढत नसेल तर त्याला विचारा.

ऊस सोपा. लावण केल्यावर सरीत मधल्या जागेत ताग टाकायचा आणि सुमारे ४५ दिवसांनी बाळभरणीच्या, म्हणजे उसाला पहिली हलकी माती लावायच्या वेळी मातीआड करायचा. कोल्हापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंत हे करणारे आहेत. तो फार उंच वाढू देऊ नका, नाहीतर उसाचे फुटवे दबतात. शेवटचा खोडवा, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, काढल्यावर रान मोकळं असेल तर अख्ख्या रानातही पेरता येतो. आणि खरं सांगू का, तुमच्या दीड एकरात पाचट न जाळणं हेच सगळ्यात स्वस्त आच्छादन आहे. त्याला बी लागत नाही, पेरणी लागत नाही, आणि म्हैस खात नाही. हिरवा ताग दिसला की घरातली माणसंच पहिल्यांदा विळा घेऊन जातात, मोकाट गुरांचं पुढचं पुढं.

आता कागद. आपला उतारा म्हणजे आरटीसी कन्नडमध्ये, करार बहुतेक इंग्रजीत, आणि समजावणारा मराठीत. तीन भाषांत एकच गोष्ट लिहिलीय याची खात्री करून घ्या. उताऱ्यावर किती नावं आहेत ते बघा. आमच्यात चुलत्यांची तीन नावं अजून आहेत, मी एकट्यानं सही केली ती उद्या टिकेल का हे मलाच माहीत नाही. दुसऱ्याचं रान वाट्यानं करत असाल तर तुमच्या नावचा कागदच नसणार, कारण कर्नाटकात १९७४ पासून कूळपद्धत कायद्यानं जवळजवळ बंद आहे आणि वाटा तोंडी चालतो. घाम वाट्यावाल्याचा आणि क्रेडिट उताऱ्यावाल्याचं. नदीपलीकडं कागल बाजूला ज्यांचं रान आहे त्यांचा एक तुकडा सातबाऱ्यावर, एक आरटीसीवर. प्रकल्प एकाच राज्यापुरता असेल तर अर्धं रान बाहेर.

शिवाय करार किती वर्षांचा? कार्बन मातीत राहिला पाहिजे ही त्यांची अट असते, आणि आपल्याकडं जमीनच राहील की नाही याचा नेम नाही. हलगा-मच्छे बायपासला कसल्या पिकाऊ जमिनी गेल्या ते तुम्ही बघितलंच असेल. रस्ता आला तर परतफेड कोणी करायची, हे कलम वाचा. नसेल तर लिहून मागा.

अमेरिकेत हे आधीच होऊन गेलंय. शिकागोमध्ये २००३ साली कार्बनचा बाजार सुरू झाला, नांगरट न करणाऱ्या शेतकऱ्यांनाही त्यातून पैसे मिळायचे. २००८ च्या सुमाराला टनाचा भाव सात डॉलरच्या घरात गेला, दोन वर्षांत काही सेंटांवर आला आणि २०१० मध्ये बाजार बंद. त्याच देशात मेरीलँड राज्य मात्र खाडीचं पाणी नासू नये म्हणून शेतकऱ्याला आच्छादन पिकाचे एकरी पैसे देतं. टन नाही, एकर. पेरलंय का, वेळेवर पेरलंय का, एवढं बघतात. मला ही पद्धत जास्त सरळ वाटते. शेतकरी ताग पेरू शकतो, टन पेरू शकत नाही. आपल्या केंद्रीय कृषी खात्यानंही जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा काढलाय, पण तोही टनाच्याच रस्त्यानं जाणारा.

एवढं करूनही सही करायची असेल तर त्या माणसाला चारच गोष्टी कागदावर मागा: एकरी किमान किती रुपये, पहिला हप्ता कुठल्या महिन्यात, बी कोण देणार, आणि मधेच सोडलं तर दंड आहे का. बी फुकट देत असतील तर माझ्या मते तोच खरा फायदा, तेवढा घ्या.

माझ्या रानात दोन वर्षांत काय बदललं? खोडवा काढून जिथं ताग गाडला त्या पट्ट्यात ढेकळं पहिल्यासारखी दगड होत नाहीत आणि पाण्याची पाळी दोन-तीन दिवस लांबली तरी ऊस मान टाकत नाही. म्हणून यंदाही पेरणार आहे, ॲप काढून टाकलंय. एकरी २० ते २५ किलो बी लागतं. रैत संपर्क केंद्रात, म्हणजे सरकारी शेतकी केंद्रात, अनुदानाचं कधी मिळतं, कधी नाही, आणि आलं की लगेच संपतं, म्हणून मेच्या सुरुवातीलाच जाऊन नाव सांगून ठेवा. तिथं ताग म्हटलं तर कळेलच असं नाही, सेणबु म्हणा.